सणासुदीचे दिवस आणि कुत्र्यांची सुरक्षा : धाराशिव जिल्ह्यातून एक आढावा

वाशी तालुक्यातले तेरखेडा हे सोलापूर–धुळे महामार्गावरचे गाव फटाक्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. दिवाळी, वराती आणि जत्रा यांच्यासाठी लागणारी शोभेची दारू इथल्या कारखान्यांत तयार होते आणि त्यावर अनेक घरांची चूल पेटते. त्यामुळे सणाच्या आवाजाने बिथरणाऱ्या जनावरांचा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात दोन्ही बाजूंनी उभा राहतो. फटाका बनवणारे हात इथले आहेत आणि त्या आवाजाने सैरभैर होऊन रात्रीतून घर सोडणारे कुत्रेही इथलेच आहे.

सणासुदीत कुत्र्यांची काळजी कशी घ्यावी, यावर गेल्या वीस वर्षांत बरेच काही घडले. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले, युरोपातल्या विद्यापीठांनी हजारो कुत्र्यांच्या पाहण्या केल्या आणि महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळा-शाळांतून फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम चालवली. तरी ही चर्चा बहुतेक वेळा फ्लॅटमधल्या पाळीव कुत्र्याभोवतीच फिरते. खोली बंद करा, पडदे ओढा, टीव्हीचा आवाज वाढवा, हा सल्ला पुण्या-ठाण्यात कामाला येतो. लोहाऱ्याच्या किंवा भूमच्या वस्तीवर राखणीला असलेल्या कुत्र्याला बंद करायला खोलीच नसते. धाराशिवकडून पाहिले, की या चर्चेतले काय उपयोगी आहे आणि काय अपुरे आहे ते स्पष्ट होत जाते.

तीन ठिकाणची कुत्री, वर्षभराचे सण

जिल्ह्यात कुत्री तीन ठिकाणी राहतात. पहिले घरातले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या शहरांत लॅब्रेडोर, पामेरियन यांसारखी कुत्री पाळणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. दुसरे शेतावरचे. वस्तीची राखण करणारे, धनगरांच्या मेंढरांमागे फिरणारे, क्वचित मराठवाड्याच्या ओळखीचे उंच, सडपातळ कारवानी. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात या राखणीला मोल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग अभयारण्यात विदर्भातून आलेला वाघ दिसल्यावर गोठ्याजवळच्या कुत्र्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागली नाही. तिसरे गल्लीतले. एका घरचे नसले तरी चार घरांच्या भाकरीवर जगणारे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १२ लाख ७६ हजार होती.

या प्राण्याशी इथल्या माणसाचे नाते श्रद्धेचेही आहे. नळदुर्ग आणि अणदूर इथे खंडोबाची देवस्थाने आहेत आणि खंडोबाच्या टाकावर, मूर्तीजवळ घोड्यासोबत कुत्रा असतो. मल्हारीचे, म्हणजे खंडोबाचे, काही भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात आणि जुन्या प्रथेत देवाचे कुत्रे म्हणून वावरतात. नेपाळमध्ये तिहार सणाचा दुसरा दिवस कुत्र्यांच्या पूजेसाठी राखलेला असतो. त्यांना टिळा लावून हार घालतात. मराठी मुलखात असा वेगळा दिवस नाही, पण कुत्रे देवाच्या परिवारातले मानले जाते.

सणांची रांग मात्र इथे लांब आहे. गणेशोत्सव, तुळजाभवानीचे शारदीय नवरात्र, कोजागरीला सोलापूर आणि कर्नाटकातून पायी येणारे भाविक, दिवाळी, चंपाषष्ठी, वेळ अमावास्या, पौष पौर्णिमेची नळदुर्गची जत्रा, धुळवड, चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी, आणि या सगळ्यांमध्ये लग्नसराई. दिवाळीचे चार-पाच दिवस सांभाळले की झाले, असे इथे म्हणता येत नाही.

आवाज कुत्र्याच्या कानात काय करतो

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. ऐकण्याची ही ताकद शिकारीला आणि राखणीला उपयोगी पडते. फटाक्याच्या वेळी तीच त्याला छळते. फटाका कधी वाजेल, कुठून वाजेल, पुन्हा वाजेल का, यातले काहीच कुत्र्याला कळत नाही. मेघगर्जनेआधी हवा बदलते, वास बदलतो. फटाक्याची अशी चाहूल लागत नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या एमिली ब्लॅकवेल आणि सहकाऱ्यांची २०१३ ची पाहणी या विषयात वारंवार सांगितली जाते. ‘तुमचे कुत्रे आवाजाला घाबरते का?’ या प्रश्नाला एक चतुर्थांश मालकांनी होकार दिला. वेगळ्या मुलाखतींत वागण्यातली लक्षणे एकेक करून विचारली, तेव्हा जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत भीतीचे किमान एक लक्षण निघाले. म्हणजे बरीच भीती मालकाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याच्या लक्षात येत नाही. थरथर, धाप, लाळ, पायांत गेलेली शेपटी, खाणे सोडणे, कोपरा धरून बसणे ही लक्षणे अनेकदा ‘गप्प बसलंय’ म्हणून सोडून दिली जातात.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाने १३ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये मांडला. त्यात ३२ टक्के कुत्री आवाजाने अस्वस्थ होणारी होती. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांची माहिती जमवली आणि त्यातली ५२ टक्के कुत्री फटाक्यांना कमी-अधिक घाबरत होती. बहुतेक कुत्री लवकर सावरली. काहींना मात्र आठवडा लागला, आणि ३ टक्क्यांहून अधिक कुत्र्यांना कित्येक आठवडे किंवा महिने. एका रात्रीची भीती अंगात इतकी टिकू शकते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. कारण आपल्याकडे कोजागरीनंतर पंधरा दिवसांत दिवाळी आणि तुळशीच्या लग्नापाठोपाठ वराती सुरू होतात.

कायदा कुठवर आला

फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा १९९९ पासून ठरलेली आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवता किंवा विकता येत नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांवर बंदी घातली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही दोनच तासांची मुभा ठेवली, लांब माळांवर बंदी आणली, आणि हद्दीत उल्लंघन झाल्यास त्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरले.

त्याच निकालानंतर हरित फटाक्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांची सूत्रे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. त्यांतून निघणारी धूळ किमान ३० टक्क्यांनी कमी असते. पण हरित फटाका बिनआवाजाचा नसतो. त्याने हवेचा भार हलका होतो. कुत्र्याच्या कानाला त्याचाही दणका बसतोच.

कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणे, अंगावर जळता फटाका फेकणे हे प्रकार १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा ठरतात. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपयेच आहे. जनावराला मारल्यास किंवा जायबंदी केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागते आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ११ मध्ये आणखी एक तरतूद आहे, जी शेतावरच्या कुत्र्याला थेट लागू पडते : कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

फटाक्यांबद्दलच्या तीन भूमिका

पहिली भूमिका पूर्ण बंदीची. लहान मुले, म्हातारी माणसे, दमेकरी, पक्षी, गुरे आणि कुत्री यांना होणारा त्रास पाहता फटाका सणाचा अत्यावश्यक भाग मानू नये, असे ही बाजू सांगते. गॅलापागोस बेटांनी २०१८ च्या अखेरीस तिथल्या वन्यजीवांसाठी आवाजाच्या फटाक्यांवर बंदी घातली. इटलीतल्या कोलेक्क्यो या छोट्या शहराने प्राण्यांचा विचार करून कमी आवाजाच्या आतषबाजीचाच नियम केला. ही उदाहरणे या बाजूने दिली जातात.

दुसरी भूमिका नियमनाची. बंदी घातली की चोरटी विक्री वाढते, म्हणून वेळ, जागा आणि आवाज यांची मर्यादा पाळायला लावणे बरे, असे तिचे म्हणणे. ब्रिटनमधली ‘आरएसपीसीए’ ही प्राणीरक्षक संस्था आवाजाची मर्यादा १२० वरून ९० डेसिबलवर आणण्याची मागणी करते. मुंबईत आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षे दिवाळीआधी फटाक्यांचा आवाज मोजून आकडे जाहीर करत आले आहे, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरात रात्री ८ ते १० एवढीच मुभा ठेवली. नियमनवाद्यांचा भर असा मोजमापावर आणि वेळेवर आहे.

तिसरी भूमिका परंपरेची आणि पोटाची. वर्षातून एकदा येणाऱ्या आनंदावर इतके निर्बंध का, हा प्रश्न अनेकांना मनापासून पडतो. धार्मिक स्वातंत्र्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा, वेळेचे बंधन घातल्याने त्या हक्काला बाधा येत नाही, असे उत्तर मिळाले. पोटाच्या प्रश्नाला तसे उत्तर मिळालेले नाही. कोरडवाहू जमीन आणि पाठोपाठचे दुष्काळ असलेल्या पट्ट्यात फटाक्याच्या कारखान्यातली मजुरी सहज सोडता येत नाही. या कामात स्फोटांचा धोका आहे, तो कामगार जाणून असतात, तरी जातात. आवाजाच्या फटाक्याकडून रोषणाईच्या फटाक्याकडे हा धंदा वळवता येईल का, ही चर्चा तेरखेड्याला धरून व्हायला हवी.

भीतीवरचे उपाय : काय टिकले, काय गळले

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले, तर भीतीला खतपाणी मिळते, हा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. आजही काही प्रशिक्षक तो देतात. वर्तनाचे अभ्यासक आता त्याच्या उलट सांगतात. भीती ही भावना आहे, मुद्दाम केलेली युक्ती नव्हे. आधार दिल्याने ती वाढत नाही. कुत्रे स्वतःहून जवळ आले तर त्याला जवळ राहू द्यावे, कोपऱ्यात लपले तर ओढून काढू नये, यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

रीमर यांनी २०२० मध्ये मालकांच्या अनुभवांवरून उपायांची तुलना केली. आवाज झाला की लगेच आवडीचा घास द्यायचा किंवा खेळ सुरू करायचा, हा उपाय ७० टक्क्यांहून अधिक मालकांना लागू पडला. शांत होण्याचे शिक्षण आणि पशुवैद्यकाने लिहून दिलेली औषधे, दोन्हींचा आकडा ६९ टक्क्यांच्या आसपास. ध्वनिमुद्रित आवाजांची हळूहळू सवय ५५ टक्के, अंगाला घट्ट बसणारे जाकीट ४४ टक्के. होमिओपॅथी, वनौषधी, गंधद्रव्ये यांचा आकडा २७ ते ३५ टक्क्यांतच राहिला. ही मालकांची मते आहेत, प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे. तरी पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि वस्तीवरही करता येतो.

औषधांबाबत मतभेद आहेत. पूर्वी सर्रास दिले जाणारे असेप्रोमाझिन कुत्र्याला सुस्त करते, पण भीती कमी करत नाही, असा आक्षेप आहे. जनावर हलत नाही म्हणून मालकाला ते शांत वाटते आणि आतून ते तितकेच भेदरलेले असते. नवी औषधे भीतीवर काम करतात, मात्र ती वजन पाहून आणि तपासणी करूनच द्यावी लागतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या परस्पर देणे धोक्याचे आहे, यावर सगळ्या पशुवैद्यकांचे एकमत आहे. जिल्ह्यातल्या पशुपालकाला पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने आणि १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तर अवघड प्रसंगी लातूर जिल्ह्यातले उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. आवाजाची सवय लावायला काही महिने लागतात, त्यामुळे दिवाळीची तयारी श्रावणातच सुरू करावी लागते.

जागेच्या बाबतीत मराठवाड्याकडे स्वतःचे उत्तर आहे. जाड भिंतींच्या, मातीच्या माळवदाच्या जुन्या घरात आवाज दबतो. पत्र्याच्या शेडमध्ये तसे होत नाही. पत्रा पातळ असतो आणि वर पडलेल्या रॉकेटचा आवाज आत घुमतो. वाड्याची आतली खोली, पाण्याचे भांडे, खाली पोते आणि जवळ ओळखीचे माणूस, एवढी सोय गावातल्या अनेक घरांत होऊ शकते.

बांधावे की मोकळे सोडावे

शेतावरच्या कुत्र्याबाबत खरा वाद इथे आहे. एक बाजू म्हणते, फटाक्याच्या रात्री कुत्रे बांधावे, नाहीतर ते घाबरून पळते आणि महामार्गावर गाडीखाली येते. दुसरी बाजू म्हणते, बांधलेल्या कुत्र्याला लपता येत नाही, ते साखळीला हिसडे देऊन गळा सोलून घेते, आणि डोंगरपट्ट्यात बिबट्याच्या तोंडी जाते. दोन्ही धोके खरे आहेत. चार भिंतींचा बंद गोठा किंवा खोली असेल तर आत मोकळे ठेवणे सर्वांत बरे. ती नसेल आणि वस्ती रस्त्यापासून लांब असेल, तर न बांधणे; रस्ता जवळ असेल, तर माणसाच्या शेजारी बांधणे. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचा मोबाइल नंबर लिहून ठेवणे तिन्ही स्थितींत उपयोगाचे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातल्या अनेक गावांतून ऊसतोडीला कुटुंबे निघतात. काही जण कुत्रे सोबत नेतात, काही मागे ठेवतात. मागे राहिलेल्या कुत्र्याला ऐन सणात घर बंद, भाकरी बंद आणि वरून आवाज, अशी तिहेरी अडचण येते.

फराळ, कर आणि येळवस

फटाक्याइतकाच धोका ताटातूनही येतो, पण त्यावर वाद फारसा नाही. बेदाणे, मनुके आणि द्राक्षे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, त्यामुळे बेदाणा घातलेला लाडू किंवा चिवडा देऊ नये. चॉकलेटमधले थिओब्रोमिन त्याच्या हृदयावर आणि मेंदूवर परिणाम करते. शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. चकली, शेव, करंजी यांतल्या तेलातुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

पोळ्याची कर आणि धुळवड म्हणजे मटणाचे दिवस, तेही उस्मानाबादी शेळीच्या मुलखात. उरलेली हाडे कुत्र्याला टाकणे हा इथला रिवाज. शिजलेले हाड मात्र ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. रस्सा गाळून थोडे मऊ मांस आणि भाकरी हा सोपा पर्याय वाटतो, पण त्यातही कांदा-लसूण असतोच, म्हणून मसाला घालण्याआधी बाजूला काढलेले मांस बरे.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे लातूर–धाराशिवच्या येळवशीला, हा मुद्दा कामाचा ठरतो. त्या दिवशी शहरे ओस पडतात, सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी-आंबिलाच्या पंगती बसतात. भज्जीत लसणाची पात आणि लसूण, आंबिलातही लसूण. पंगतीनंतर उरलेले सगळे कुत्र्यापुढे ओतण्याआधी साधी बाजरीची भाकरी वेगळी काढावी. शहरातून आणलेल्या कुत्र्यासाठी त्या दिवशी कठडा नसलेली विहीर, उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष आणि वस्तीवरची अनोळखी कुत्री हे तीन धोके आणखी असतात.

गल्लीतली कुत्री : गर्दी, अन्न आणि न्यायालय

नवरात्रात तुळजापुरात लाखो माणसे येतात. अन्नछत्रे, हॉटेले, उष्ट्या पत्रावळी यांच्याभोवती कुत्री जमतात, आणि गर्दी ओसरली की हे अन्न अचानक थांबते. भाविकांच्या सुरक्षेसाठी कुत्री हटवावीत, असे एका बाजूचे म्हणणे. हटवलेल्या जागी दुसरी, लस न टोचलेली कुत्री येतात, म्हणून नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी ठेवावीत, असे दुसऱ्या बाजूचे.

२००१ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम दुसऱ्या बाजूने आहेत. नसबंदी आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवणे हे काम ते स्थानिक संस्थांवर सोपवतात. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हटवून निवाऱ्यांत ठेवण्याचे आणि परत तिथे न सोडण्याचे बंधन घातले. जत्रेच्या गावात बसस्थानकाला त्यामुळे वेगळे महत्त्व आले आहे.

दोन्ही बाजू रेबीजच्या लसीबाबत एकत्र येतात. एकदा लक्षणे दिसली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस दिली तर प्रसार थांबतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. गोव्याने ती वाट धरली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. देशाचे उद्दिष्ट २०३० चे आहे. जागतिक रेबीज दिन २८ सप्टेंबरला, म्हणजे नवरात्राच्या आसपासच येतो. यात्रेच्या तयारीतच लसीकरण जोडून घेणे सोयीचे आहे.

सुटायचे राहिलेले

काही प्रश्न अजून उघडे आहेत. युरोपातल्या साऱ्या पाहण्या घरात पाळलेल्या कुत्र्यांच्या आहेत. गल्लीत आणि शेतावर जगणाऱ्या कुत्र्यांना तेच आकडे कितपत लागू पडतात, हे तपासायला हवे. हरित फटाक्याने धूर कमी झाला, आवाजाचे काय करायचे हे ठरलेले नाही. दोन तासांची मर्यादा दिवाळीपुरती चर्चेत येते. वरात, जत्रा आणि डॉल्बी त्या चर्चेबाहेर राहतात. निवारे बांधण्याचा खर्च छोट्या नगरपरिषदांनी आणि ग्रामपंचायतींनी कुठून करावा, याचे उत्तर न्यायालयाच्या आदेशात नाही. पन्नास रुपयांच्या दंडाने क्रूरता थांबत नाही, हे मान्य होऊनही कायदा बदललेला नाही.

आजवरच्या चर्चेतून एवढे निश्चित म्हणता येते, की कुत्र्याची सुरक्षा एकट्या मालकाच्या खोलीत सुटणारा प्रश्न नाही, कारण धाराशिवच्या बहुतेक कुत्र्यांना तशी खोली नाही. तो आवाजाची वेळ, आवाजाची जागा आणि गावाची व्यवस्था यांवर अवलंबून आहे. प्रत्येक गावाला एक गोष्ट यंदापासून करता येईल. दिवाळीआधीच्या ग्रामसभेत फटाके उडवण्याची एक जागा आणि रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवावी, आणि त्याच सभेत पशुवैद्यकीय दवाखान्याला लसीकरणासाठी पत्र द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही.